निकिअस : एका सज्जन सेनापतीची भीती

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी मी म्हटलं होतं की आज आपण एका ग्रीक सेनापतीचं चरित्र वाचायला घेऊ. तेव्हा बऱ्याच जणांच्या मनात अलेक्झांडर आला असेल, निदान पेरिक्लीज तरी. मी निवडलेला सेनापती मात्र हरलेला आहे, आणि तोही असा की त्याच्यासोबत एका पिढीचं सैन्य बुडालं. त्याचं नाव निकिअस. इंग्रजी पुस्तकांत ‘निसिअस’ असा उच्चार होतो, मी मूळ ग्रीकच्या जवळचा वापरतो आहे.

त्याच्याविषयी सर्वसाधारण वाचकाला एकच गोष्ट माहीत असते. इ.स.पू. 413 मध्ये अथेन्सचं सैन्य सिसिलीत सिराक्यूज शहरासमोर अडकलं होतं. गलबतं निघायला तयार होती. 27 ऑगस्टच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण लागलं. भविष्यवेत्ते म्हणाले, तीन वेळा नऊ दिवस थांबा. निकिअस थांबला आणि सगळं संपलं. तात्पर्य काय, तर अंधश्रद्धेनं सैन्य बुडवलं. शाळेच्या पुस्तकात शोभेल अशी ही गोष्ट आहे, आणि ती खोटी नाही. पण माझं म्हणणं असं आहे की ती अर्धीच आहे. निकिअसला ज्या गोष्टीनं बुडवलं ती ग्रहणाच्या आधीच घडून गेली होती, आणि तिचा चंद्राशी काही संबंध नव्हता.

हे तपासायला आपल्यापाशी तीन लेखक आहेत. थ्युसिडिडीज हा त्याच काळातला इतिहासकार आणि स्वतः एक पदच्युत सेनापती. प्लेटोनं निकिअसच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी त्याला आपल्या ‘लाखेस’ या संवादात पात्र म्हणून उभं केलं. आणि प्लुटार्क हा जवळजवळ पाचशे वर्षांनंतरचा चरित्रकार. या तिघांना एकमेकांसमोर बसवून वाचलं तर काय दिसतं, ते बघू.

सुरुवात प्लुटार्कपासून करू, कारण तो सर्वांत गप्पिष्ट आहे. तो आरंभीच कबूल करतो की थ्युसिडिडीजशी स्पर्धा करायचा वेडेपणा आपण करणार नाही. मंदिरांतली अर्पणं, जुने ठराव अशा विखुरलेल्या गोष्टींतून माणसाचा स्वभाव दाखवायचा आहे. हे काम त्यानं चांगलं केलं आहे.

निकिअस श्रीमंत होता. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींतून त्याचा पैसा येई. झेनोफोन सांगतो की त्यानं आपले 1000 गुलाम सोसिअस नावाच्या थ्रेसच्या माणसाला खाणकामासाठी भाड्यानं दिले होते, दर माणशी दिवसाला एक ओबोल. सहा ओबोलचा एक ड्राख्मा, म्हणजे रोजचे सुमारे 167 ड्राख्मा घरबसल्या. प्लुटार्क क्रॅससशी त्याची तुलना करताना खाणींतल्या माणसांचे काय हाल होत तेही सांगतो. हे लक्षात असू द्या. या सज्जनाचा देवधर्म, दानधर्म, नाटकांचे आणि उत्सवांचे खर्च हे सगळं त्या बोगद्यांतून वर येत होतं.

आणि उत्सव तरी कसे! डेलॉस बेटावर अपोलोचा उत्सव असे. वेगवेगळ्या नगरांची गायक मंडळी होडीतून उतरायची आणि लोकांच्या गलक्यात, धड मुकुट डोक्यावर नाही, वस्त्र अंगावर नीट नाही, अशा अवस्थेत गायला लागायची. निकिअसनं काय केलं? तो आदल्या दिवशी शेजारच्या रेनिआ बेटावर उतरला. अथेन्समध्ये मापानं करून आणलेला पूल रात्रीतून मधल्या खाडीवर टाकला, त्याला रंग, सोनेरी मुलामा, हारतुरे. सकाळी लोक बघतात तो त्याची मंडळी गात गात पुलावरून येत आहेत. मग त्यानं 10,000 ड्राख्मांची जमीन घेऊन देवाला दिली. अट एकच, तिच्या उत्पन्नातून डेलॉसकरांनी यज्ञ करून भोजन घालावं आणि निकिअसच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी. ही अट त्यानं दगडावर कोरून ठेवली.

आता हा दिखावा की भक्ती? प्लुटार्क म्हणतो, दिखावा वाटेल खरा, पण बाकीचं वागणं पाहता भक्तीच असावी. मला वाटतं, हा प्रश्नच नीट मांडलेला नाही. निकिअसच्या बाबतीत या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. देवाच्या वहीत आपल्या नावावर डाग नको आणि लोकांच्या तोंडी आपल्या नावाला बट्टा नको, ही एकच काळजी होती. आपल्याकडे ‘पापभीरू’ असा एक छान शब्द आहे. आपण तो कौतुकानं वापरतो. पण त्यात ‘भीरू’ आहे, हे विसरतो.

प्लुटार्कनं दिलेले बारकावे याच दिशेला बोट दाखवतात. निकिअस सहसा कुणाच्या पंगतीला जात नसे. त्याचा हिएरॉन नावाचा माणूस लोकांना सांगत फिरायचा की आमचे धनी बिचारे जेवताना, आंघोळ करतानाही राज्याच्याच कामात असतात. आजच्या भाषेत जनसंपर्क अधिकारी! खोट्या फिर्यादी ठोकणाऱ्यांना निकिअस आधीच पैसे देऊन गप्प करी. विजय मिळाला तर श्रेय दैवाला देई, म्हणजे कुणाची दृष्ट नको, मत्सर नको. आणि प्लुटार्कचं एक निरीक्षण तर फार मार्मिक आहे. निकिअसचा भित्रेपणाच त्याला लोकप्रिय करून गेला. तो लोकांना घाबरतो हे लोकांना दिसत होतं, आणि आपल्याला घाबरणारा पुढारी लोकांना आवडतो.

पण म्हणून त्याला नुसता भित्रा म्हणून निकालात काढू नका. तो सक्षम सेनापती होता. इ.स.पू. 424 मध्ये त्यानं किथेरा बेट जिंकलं. त्याच्या आदल्या वर्षी कॉरिंथच्या हद्दीत लढाई जिंकल्यावर परत निघताना कळलं की आपल्या दोन सैनिकांची प्रेतं मागे राहिली आहेत. ग्रीक रिवाज असा की प्रेतं मागायला दूत पाठवणं म्हणजे विजयावरचा हक्क सोडणं. निकिअसनं दूत पाठवला. विजय गेला तरी चालेल, पण दोन माणसं मातीविना राहता कामा नयेत. हा प्रसंग मनात जपून ठेवा. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

इ.स.पू. 421 मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात पन्नास वर्षांचा तह झाला, तो आजही ‘निकिअसचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. आणि 415 मध्ये सिसिलीवर स्वारीचा प्रस्ताव आला, तेव्हा भर लोकसभेत उभं राहून तिला विरोध करण्याचं धैर्य त्यानंच दाखवलं. समोर तरुण, देखणा, वक्तृत्वात वाकबगार अल्किबियाडिस. त्या भाषणात निकिअस ज्येष्ठ नागरिकांना सांगतो की लोक भित्रे म्हणतील या शरमेपोटी युद्धाच्या बाजूनं मत देऊ नका. हेही जपून ठेवा.

त्याचं कुणी ऐकलं नाही. मग त्यानं एक युक्ती केली. स्वारी करायची तर प्रचंड सैन्य लागेल, असा आकडा फुगवून सांगितला, म्हणजे लोक कचरतील. झालं उलटंच. लोक म्हणाले, वा, एवढं सैन्य नेलं तर विजय नक्की! आधी साठ गलबतांची गोष्ट होती. अखेरीस 134 युद्धनौका आणि 5100 जड शस्त्रधारी निघाले. सेनापती तीन, अल्किबियाडिस, लामाखस आणि स्वारी चुकीची आहे असं ज्याचं मत तो निकिअस. अल्किबियाडिसला खटल्यासाठी परत बोलावलं, तो पळून गेला. लामाखस लढाईत पडला. उरला निकिअस एकटा, त्यात मूत्रपिंडाचा विकार जडलेला. इकडे अथेन्सच्या रंगभूमीवर 414 मध्ये ॲरिस्टोफेनीजनं ‘पक्षी’ या नाटकात त्याच्या नावावरून चालढकल करण्यासाठी एक क्रियापदच बनवलं होतं. प्रेक्षक हसत होते, आणि तो सिसिलीत स्वारीवर होता.

आता थ्युसिडिडीजकडे येऊ. त्याच्या सातव्या खंडातला एक प्रसंग मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी दोनदा वाचायला सांगत असे. 413 चा उन्हाळा. डेमोस्थेनिस 73 गलबतं घेऊन मदतीला आला आहे. (हा सेनापती, प्रसिद्ध वक्ता डेमोस्थेनिस नंतरचा.) त्यानं रात्री एपिपोली पठारावर हल्ला केला, तो अंधारात आपल्याच माणसांशी झुंजत फसला. छावणी दलदलीच्या काठी, तापानं माणसं आजारी. डेमोस्थेनिस म्हणाला, अजून समुद्र आपल्या हातात आहे तोवर निघू या. त्याच्याबरोबर आलेला युरिमेडॉनही त्याच मताचा.

निकिअस नाही म्हणाला. ग्रहणाला अजून अवकाश होता. कारणं दोन प्रकारची होती. एक, शत्रूची तिजोरी रिकामी होत आली आहे, त्यांचे 2000 टॅलंट आधीच गेलेत, आणि शहरातला एक गट आपल्याशी संधान बांधून आहे. हे सगळं खोटं नव्हतं. पण दुसरं कारण ऐका. तो म्हणाला, आज जे शिपाई ‘परत चला’ म्हणून ओरडताहेत तेच अथेन्सला पोचल्यावर म्हणतील, सेनापतींनी पैसे खाल्ले. आपल्या लोकांचा स्वभाव मला ठाऊक आहे. त्यांच्याकडून लांच्छनास्पद आरोपाखाली, अन्यायानं मरण्यापेक्षा, मरायचंच तर इथे शत्रूच्या हातून मरेन. इथे थ्युसिडिडीज शेवटी एक छोटा शब्द ठेवतो, ‘इदिआ’. म्हणजे स्वतःपुरतं, खासगीत.

मित्रहो, या एका शब्दावर सगळं चरित्र तोललं जातं. सेनापतीचं मरण खासगी कसं असेल? त्याच्यामागे हजारो माणसं आहेत. ‘मी माझं नाव राखून मरेन’ हे वाक्य वैयक्तिक पातळीवर शूर वाटतं, पण त्याचा हिशेब दुसऱ्यांच्या जिवानं चुकता होतो. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठांना ‘लोक काय म्हणतील याला भिऊ नका’ असं सांगणारा हाच माणूस.

थोडं त्याच्या बाजूनंही बोललं पाहिजे. भीती काल्पनिक नव्हती. इ.स.पू. 424 मध्ये सिसिलीतून तह करून परतलेल्या तीन सेनापतींना अथेन्सनं लाच घेतल्याचा ठपका ठेवून शिक्षा केली. दोघांना हद्दपारी, तिसऱ्याला दंड. तो तिसरा कोण? युरिमेडॉन! जो आता निकिअसच्या शेजारी उभा राहून ‘निघू या’ म्हणतो आहे. ज्याला त्या लोकसभेचा चटका बसलेला, तो परतायला तयार होता. ज्याला बसलेला नाही, तो नव्हता. पुढे 406 मध्ये याच लोकसभेनं जिंकून आलेल्या सहा सेनापतींना देहदंड दिला. तेव्हा दोष एकट्या निकिअसचा नाही. हरलेल्याला गुन्हेगार ठरवणाऱ्या लोकशाहीला असेच सेनापती मिळतात, जे शत्रूपेक्षा घरच्यांना जास्त घाबरतात.

मग शत्रूला नवी कुमक आली, आजार वाढला, निकिअसचा विरोध मावळला. गुपचूप निघायचं ठरलं. आणि ग्रहण लागलं. थ्युसिडिडीज दोन गोष्टी नोंदवतो. निकिअस शकुन-भविष्याच्या जरा जास्तच आहारी गेलेला होता हे खरं. पण थांबा असं बहुसंख्य सैनिकही म्हणत होते. प्लुटार्क आणखी भर घालतो. निकिअसचा अनुभवी भविष्यवेत्ता स्टिल्बिडिस नुकताच वारला होता. आणि फिलोकोरस नावाच्या जाणकाराच्या मते पळून जाणाऱ्यांना अंधार हा शुभशकुनच! म्हणजे शास्त्राच्या आतही दुसरा अर्थ शक्य होता. चंद्राच्या प्रकाशाबद्दल, सावलीबद्दल अनॅक्झागोरसनं तोवर लिहूनही ठेवलं होतं. निकिअसनं थांबण्याचा अर्थ निवडला. का? मला वाटतं, कारण देवानं सांगितलं म्हणून थांबलो, या निर्णयाला जबाब द्यावा लागत नाही.

आता प्लेटो. ‘लाखेस’ हा छोटा संवाद आहे. दोन म्हातारे बाप आपल्या मुलांना शस्त्रविद्या शिकवावी का, हे विचारायला दोन सेनापतींकडे येतात, लाखेस आणि निकिअस. सॉक्रेटिस तिथे आहेच. विषय निघतो, धैर्य म्हणजे काय? लाखेस शिपाईगडी, तो म्हणतो रांगेत टिकून उभं राहणं. निकिअस सुशिक्षित. तो म्हणतो, कशाला भ्यावं आणि कशाला भिऊ नये याचं ज्ञान म्हणजे धैर्य. मग तो एक सुंदर भेद करतो. न घाबरणं वेगळं आणि धैर्य वेगळं. मराठीत हे फार सहज सांगता येतं. वाघ, लहान मूल, मूर्ख माणूस यांच्यापाशी धाडस असेल, धिटाई असेल, पण धैर्य? त्याला समज लागते.

लाखेस चिडून म्हणतो, मग तुझा धैर्यवान माणूस भविष्यवेत्ताच की! निकिअस उत्तर देतो, नाही. भविष्यवेत्त्याला फक्त खुणा कळतात, मरण येईल, आजार येईल, पराभव होईल. पण यातलं काय सोसणं कुणाला अधिक हिताचं, हे ठरवणं त्याचं काम नाही. आणि सॉक्रेटिस पुढे आठवण करून देतो की कायद्यानुसार सेनापतीनं भविष्यवेत्त्याला हुकूम द्यायचा, भविष्यवेत्त्यानं सेनापतीला नाही.

प्लेटोच्या वाचकांना सिराक्यूज माहीत होतं. ही वाक्यं वाचताना त्यांच्या पोटात काय झालं असेल! अनेक टीकाकार इथे थांबतात आणि म्हणतात की हा प्लेटोचा उपरोध आहे, ज्याला तोंडानं कळत होतं त्याला वेळेला कळलं नाही. माझ्या मते प्लेटो याहून खोल जातो. निकिअसची व्याख्या चुकीची नाही, अपुरी आहे. सॉक्रेटिस दाखवून देतो की भय कशाचं धरावं हे जाणायला बरं-वाईट सगळंच जाणावं लागेल. मग ते नुसतं धैर्य नाही, संपूर्ण सद्गुण झाला. आणि चर्चा उत्तराविना संपते. सिराक्यूजच्या छावणीत नेमका हाच प्रश्न होता. निकिअस मरणाला घाबरत नव्हता. त्या अर्थानं तो शूरच. पण त्यानं भय चुकीच्या जागी ठेवलं होतं. बदनामी ही सर्वांत भयंकर गोष्ट, आणि सैन्याचा नाश तिच्या खालची, असा त्याचा क्रम लागला. व्याख्या पाठ असून क्रम चुकला.

पुढचं झरझर सांगतो, कारण ते थ्युसिडिडीजकडूनच वाचलं पाहिजे. बंदरातली अखेरची नाविक लढाई अथेन्स हरलं. युरिमेडॉन त्याआधीच्या झुंजीत पडला होता. मग 40,000 माणसं जमिनीवरून निघाली. मेलेल्यांना मूठमाती न देता, जखमी आणि आजारी ओरडत मागे येत असताना त्यांना टाकून. दोन प्रेतांसाठी विजय सोडणारा सेनापती तो हाच. असिनारस नदीवर तहानेनं वेडे झालेले सैनिक चिखलाचं, रक्ताचं पाणी पीत असताना कापले जात होते.

आणि तिथे, सगळं गमावल्यावर, निकिअस एक गोष्ट करतो. तो स्पार्टाचा सेनानी गिलिपस याच्या स्वाधीन होतो आणि म्हणतो, माझं काय हवं ते करा, पण शिपायांची ही कत्तल थांबवा. गिलिपसवर त्याचा सिराक्यूजकरांपेक्षा जास्त भरवसा होता हे थ्युसिडिडीज लपवत नाही. तरी हुकूम सुटला, आणि जिवंत पकडणं सुरू झालं. निकिअस आणि डेमोस्थेनिस यांना गिलिपसच्या इच्छेविरुद्ध ठार मारलं गेलं. किमान 7000 कैदी दगडाच्या खाणींत कोंडले गेले, अर्धपोटी, उन्हात, मृतांच्या शेजारी. खाणींच्या उत्पन्नावर उभं राहिलेलं आयुष्य खाणींपाशी येऊन संपलं, हे मी ओढूनताणून सांगत नाही.

थ्युसिडिडीजचा निवाडा प्रसिद्ध आहे. आपल्या काळातल्या ग्रीकांपैकी असा शेवट व्हायला सर्वांत कमी पात्र हाच होता, कारण त्यानं सारं आयुष्य सद्गुणाला धरून काढलं. इतका कोरडा इतिहासकार एवढं हळवं वाक्य का लिहितो, यावर वाद आहेत. काहींना ते निर्दोषमुक्ती वाटते, काहींना टोमणा. मला दोन्ही पटत नाही. तो पात्रतेबद्दल बोलतो, जबाबदारीबद्दल नाही. माणूस चांगला होता आणि त्याच्या निर्णयानं हजारो मेले, ही दोन वाक्यं शेजारी शेजारी उभी राहू शकतात. एकानं दुसरं पुसलं जात नाही. पण माझी तक्रार अशी की या निवाड्यात खाणीतले सात हजार कुठे आहेत? त्यांची पात्रता कोण मोजणार?

शेवटची नोंद पौसानिअस या प्रवाशाची. अथेन्समध्ये सिसिलीत पडलेल्यांच्या नावांचा शिलालेख होता. त्यावर सेनापतींची नावं होती, निकिअसचं नव्हतं. डेमोस्थेनिसनं इतरांसाठी तह केला आणि स्वतःला त्यातून वगळलं; निकिअस मात्र आपण होऊन शरण गेला, म्हणून त्याला गाळलं.

आयुष्यभर ज्यानं नाव जपलं त्याचं नाव दगडावरून गेलं. ते गेलं कशासाठी? आपल्या माणसांची कत्तल थांबावी म्हणून तो शत्रूच्या हाती गेला, त्यासाठी. माझ्या मते निकिअसच्या आयुष्यातला खऱ्या अर्थानं धैर्याचा क्षण तोच. तिथे भयाचा क्रम बरोबर लागला, आधी माणसं, मग नाव. अथेन्सला तो नामुष्की वाटला. काही आठवडे आधी, डेमोस्थेनिस ‘निघू या’ म्हणाला तेव्हा, त्यानं हीच किंमत द्यायची तयारी दाखवली असती तर कदाचित त्याच्यावर खटला झाला असता, कदाचित त्याला देहदंड झाला असता, आणि ती माणसं घरी गेली असती.

सज्जन माणसाच्या हाती अधिकार असतो तेव्हा त्याच्याकडून आपण काय मागायचं? स्वच्छ हात, हे आपलं नेहमीचं उत्तर. निकिअसचे हात स्वच्छ होते. मला वाटतं, आणखी एक मागायला हवं, की वेळ आली तर दुसऱ्यांसाठी ते मळू देण्याची तयारी. आणि ज्यांच्यासाठी ते मळले त्यांनी, म्हणजे आपण, त्याचं नाव शिलालेखावरून खोडू नये. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच अवघड आहे.

पुढच्या वेळी ‘लाखेस’चा मूळ युक्तिवाद पायरीपायरीनं घेऊ. जमलं तर तोवर एकदा वाचून ठेवा, तासाभराचं काम आहे. थांबतो.